अकरा खांब

जांभळीटोल्याच्या दोन्ही टेलिफोन लायनी एकाच सकाळी, एकाच मिनिटाला बंद पडल्या, तेव्हा सगळं गाव चाट पडलं. एकट्या श्रावण दुर्गेला नवल वाटलं नाही. चहाचा कप त्यानं तसाच ओट्यावर ठेवला आणि सायकल काढली. तार कुठं तुटली हे शोधायला निघालेला लायनमन एकेक खांब न्याहाळत जातो. श्रावणनं त्या दिवशी एकाही खांबाकडं मान वर करून पाहिलं नाही. त्याला ठिकाण माहीत होतं.

श्रावण कामचुकार नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल. द्या, पण पूर्ण ऐकून द्या.

जांभळीटोला धानोऱ्याच्या पुढं, रानात. आठवड्याचा बाजार, पोलिस ठाणं, सरकारी दवाखाना, तेंदूपानाची दोन गोदामं आणि पोस्ट. पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड आणि बोर्डासमोर हाजराबाई. गावात सतरा फोन. बाहेरगावी बोलायचं तर हाजराबाईला सांगायचं, ती गडचिरोलीला आवाज देणार, मग पुढं नागपूर म्हणा, चांदा म्हणा. हे सगळं खांबांवरून गेलेल्या तारेच्या एका जोडीवर चालायचं, आणि त्यातले बावीस किलोमीटर श्रावणच्या ताब्यात होते. वेल चढली, फांदी पडली, माकडांनी झोके घेतले, की श्रावण सायकलवर. कमरेला पट्टा, खांद्याला लाकडी पेटीतला तपासणीचा फोन. खांबावर चढायचं, फोनचे चिमटे तारेला लावायचे, दांडी फिरवायची आणि म्हणायचं, "हाजराबाई, आयकू येते का?" एकोणीस वर्षं तो हेच वाक्य बोलत आला होता. त्याची बायको कांता म्हणायची, "माह्यासंग तरी एवढं बोलत जा."

त्याचा बाप छप्पन साली चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. आल्या आल्या त्यानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. तेव्हा नऊ वर्षांचा श्रावण काठावर उभा होता. बाप म्हणाला, "आता देवाच्या नावानं कोणी आपल्याले फसवणार नाई. अन् आपुन कोणाले फसवाचं नाई." हे वाक्य श्रावणनं पोरांना अनेकदा ऐकवलं. दुसऱ्याला ऐकवायला असली वाक्यं फार सोयीची असतात.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात नदीनं पुलाजवळचे चार खांब ओढून नेले. रस्ता बंद, तार बंद. हाजराबाईचा नवरा नवाब सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला कावीळ झाली म्हणून तिच्या दिरानं आठवडाभर आधीच चांद्याच्या दवाखान्यात नेलं होतं. नऊ दिवस हाजराबाई मुक्या बोर्डासमोर येऊन बसत होती. नवव्या दिवशी छातीइतक्या पाण्यातून जाऊन श्रावणनं तार ओढली, बांधली, आणि जोड बरोबर झाला का म्हणून खांबावरच फोन लावून ऐकू लागला. पहिला कॉल तिच्या दिराचा होता. नवाब सहा दिवसांपूर्वी गेला होता आणि दफनही झालं होतं. श्रावणला फोन काढता येईना. हाजराबाई रडली नाही. तिनं विचारलं, कफन कुणी दिलं. मग गडचिरोलीची बाई म्हणाली, "तीन मिनिटं झाली," आणि हाजराबाई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "झालं, काढा."

त्या दिवशी खांबाला मिठी मारून श्रावण ढसाढसा रडला. संध्याकाळी पोस्टात जाऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हाजराबाई, पुन्हा असं होऊ देणार नाई मी." तिनं मान डोलावली. माणसं अशा वेळी काहीही बोलतात, असं तिला वाटलं असेल. पण श्रावण खरंच मागं लागला. अर्जावर अर्ज केले, ठाणेदाराची सही आणली, डॉक्टरची आणली. शेवटी खात्यानं दुसरी लायन मंजूर केली आणि बोरकुटेसाहेब नकाशा घेऊन आले.

बोरकुटेसाहेब तरुण, हुशार, आणि पायात बूट. पोस्टाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यांनी जुनी लायन लाल पेन्सिलनं काढली आणि नवी निळ्या. लाल रस्त्याच्या कडेनं, निळी डोंगराच्या पलीकडून, रानातून. "श्रावण, खांब वाकडा लागला तरी चालेल," ते म्हणाले, "तार ढिली राहिली तरी मी बोलणार नाही. पण गडचिरोलीपर्यंत या दोघी कुठंही जवळ यायला नकोत. एकीच्या मरणानं दुसरी मरायला नको. हे जमलं तर ती दुसरी लायन, नाहीतर नुसतीच जास्तीची तार." श्रावणला हे इतकं पटलं की त्यानं घरी जाऊन कांताला शेणानं सारवलेल्या अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवलं.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात काम निघालं. निळ्या लायनीसाठी लोखंडी खांब आले. नऊ किलोमीटर सरळ गेलं आणि डोंगराच्या पायथ्याशी काम अडलं. तिथं गोंडांचा पेनठाणा आहे, त्यांच्या देवांची जागा. मोठमोठी मोहाची आणि साजाची झाडं, खाली लाकडाचे खुंट, मातीचे घोडे. मंगरू नावाचा म्हातारा तिथली पूजा बघायचा. तो हात जोडून म्हणाला, "इथून नको रे बाबू. पेनच्या डोक्यावरून तार नको." श्रावणनंही हात जोडले. दुसऱ्याच्या श्रद्धेवर खांब रोवणारा तो माणूस नव्हता, हे खरंच.

आता वाटा दोन उरल्या. एक वरून, डोंगराच्या धारेवरून. तिथं सगळा काळा दगड, सव्वीस खड्डे पहारीनं फोडायचे, म्हणजे सगळा उन्हाळा गेला. दुसरी खालून. पेनठाण्याच्या खालच्या अंगानं जुनी लाल लायन जात होती, सागाच्या जुन्या लाकडी खांबांवर. त्यातल्या अकरा खांबांना आणखी एक आडवा दांडा ठोकायचा, निळी तार तेवढ्यापुरती त्यावरून न्यायची आणि पुढं पुन्हा रानात घालायची. दोन दिवसांचं काम.

श्रावण एक रात्र झोपला नाही म्हणतात. मी म्हणतो झोपला असेल, कारण सकाळी त्यानं अकरा दांडे मागवले. मजुरांना म्हणाला, "देवाची जागा आहे, काय करता? खालूनच घ्या." बोरकुटेसाहेबांच्या नकाशात लाल आणि निळी रेघ लांब लांबच राहिली. साहेबांनी विचारलं असतं तर श्रावणनं सांगितलं असतं. साहेबांनी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब बोर्डाजवळ बसले आणि म्हणाले, "जुनी लायन कुठंही तोड, पाहू." श्रावणनं गावापासून चाळिसाव्या खांबावर तोडली. तिथं निळी दीड किलोमीटर लांब होती. जुनी मेली आणि निळीवरून गडचिरोलीचा आवाज खणखणीत आला. पेढे वाटले. हाजराबाईनं पेढा हातात धरून त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "श्रावणभाऊ, तुमी शब्द पाळला." त्याला पेढा गिळवेना. पण गिळला.

मग दोन वर्षं काही झालं नाही. झालं ते एवढंच, की श्रावण सैल पडला. पूर्वी रात्री वादळ आलं की तो उठून बसायचा. आता कूस बदलायचा, दुसरी आहे ना. लाल बंद पडली की आधी लोक बोंबलायचे. आता कुणाला कळायचंही नाही, चार दिवसांनी जोडली तरी चालायचं. दरवर्षी माघात, मोह फुलायच्या आधी, तो लाकडी खांबांभोवतीचा पालापाचोळा हातभर साफ करायचा, कारण मोहाच्या दिवसांत बायका झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं वेचायला सोपी पडतात. सत्त्याऐंशीच्या माघात त्यानं वाळवीसाठी खांबांच्या बुडाला डांबर मात्र चांगलं दोन हात फासलं. पाला राहिला. जाऊ पुढच्या आठवड्यात, म्हणाला. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी त्या दोन लायनींची गत झाली होती.

हाजराबाईची एकुलती एक लेक रशिदा नागभीडला दिलेली. त्या चैत्रात तिचे दिवस भरले होते. हाजराबाईच्या जागी बोर्डावर बसायला दुसरं कुणी नव्हतं, पंधरा दिवस आधी रजा मिळेना. तिनं जावयाला सांगितलं, "रफीक, कळा सुरू झाल्या की फोन करजो. मी पहिल्या मोटरीनं निघते. आमच्याकडं दोन-दोन लायनी हायेत." हे ती बोलत होती तेव्हा श्रावण दारातच उभा होता.

आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता दोन्ही लायनी गेल्या.

पेनठाण्याजवळ तो पोचला तेव्हा डोळ्यांना धूर सोसवेना. मंगरूची बायको सोमारी रस्त्यावर बसून कपाळ बडवत होती. रविवारी संध्याकाळी तिनं तिच्या मोहाखालचा पाला पेटवला होता, दरसालसारखा. विस्तव पाल्यातून सरपटत खांबांपर्यंत गेला, डांबराला लागला, आणि सागाचे खांब रात्रभर बुडातून जळत राहिले. सकाळी एक कोसळला, त्यानं तारेसकट दुसऱ्याला ओढलं. अकरापैकी आठ आडवे होते. लाल आणि निळ्या लायनीच्या तारा एकमेकींत गुंतून राखेत पडल्या होत्या.

"तू दरसाल खांबाभोवती झाडून ठेवते," सोमारी म्हणाली, "म्हून मी पायलंच नाई रे बाबू. तू झाडलं असशील म्हून."

या बाईचा आपल्यावर एवढा भरवसा आहे, हे श्रावणला एकोणीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

रान अजून पेटलेलं होतं. सोमवारी कुणाला आत जाता आलं नाही. नवे खांब मागवायचे तर गडचिरोलीला फोन करायला हवा, आणि फोन बंद; मोटरीनं निरोप धाडला तरी खांब यायला आठवडा. मंगळवारी सकाळी आग विझली तेव्हा मंगरूच टोल्यातली दहा माणसं आणि हिरवे बांबू घेऊन आला. "तात्पुरतं उभं करू," म्हणाला. दिवसभर ते बांबू रोवत होते आणि श्रावण तारा सोडवत, जोडत होता. त्याचे दोन्ही पंजे भाजले. लवकर, लवकर, एवढंच त्याच्या तोंडात होतं.

दुपारी भाकरीला बसले तेव्हा मंगरूनं विचारलं, "तू वरून काऊन नाई नेली रे तार?"

"तुमचा देव होता ना इथी," श्रावण म्हणाला.

मंगरूनं भाकरी खाली ठेवली. "चाल," म्हणाला. त्यानं श्रावणला डोंगराच्या धारेवर चढवलं. तिथं एका साजाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची जुनी खूण होती, साल भरून आलेली. पंधरा पावलांवर दुसरी. मग तिसरी. खुणा धारेवरून पार पलीकडच्या रानापर्यंत गेल्या होत्या.

"तुह्या तारेसाठी मी अन् माह्या पोरानं मारल्या होत्या. पेनले विचारून. कोंबडा देऊन विचारलं होतं. पेननं वरची वाट देल्ली. तुह्या मजुराजवळ सांगून बी धाडलं." म्हाताऱ्यानं खुणेवर हात ठेवला. "देव आडवा नाई आला, बाबू. देवाचं नाव तू घेतलं."

निरोप श्रावणला मिळाला होता. 'बघू' म्हणाला होता तो. ज्याच्या घरात छप्पन सालापासून देव नाही, त्यानं सव्वीस खड्ड्यांचा कंटाळा दुसऱ्याच्या देवामागं लपवला होता, आणि तो देव तर बिचारा वाट मोकळी करून बसला होता. नदीकाठी टाक सोडणारा बाप त्याच्या डोळ्यांपुढं आला, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मंगरूच्या तोंडाकडं बघवेना.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास लाल लायन जोडली गेली. श्रावणनं उभ्या राहिलेल्या एका खांबावर चढून चिमटे लावले आणि दांडी फिरवली. "हाजराबाई, आयकू येते का?"

"येते!" तिचा आवाज इतका आनंदला होता की त्याच्या जिवात जीव आला. "सुटा आता, श्रावणभाऊ. नागपूरचा कॉल लागून राह्यला."

त्यानं चिमटे काढायला हवे होते. पण जोड धरतो का ते ऐकावं लागतं, आणि त्याचे हात हललेही नाहीत. रफीकचा आवाज आला, बारीक, घोगरा. "अम्मी, सोमवार से लाइन माँग रहा हूँ." मग तो भराभरा बोलू लागला. सोमवारी सकाळीच कळा सुरू झाल्या होत्या. लेकरू आडवं होतं. नागभीडचे डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. पण रशिदा भ्याली होती, अम्मी आल्याशिवाय गाडीत बसणार नाही म्हणून अडून बसली. माणूस पाठवायचं ठरत होतं, तर टेलिफोनवाले म्हणाले, कशाला, तिकडं दोन लायनी आहेत, एखादी तरी तासाभरात सुरू होईलच. तासाभरात, तासाभरात, असं करत मंगळवारची सकाळ उजाडली. शेवटी बेशुद्धच उचलून नेली. रशिदा वाचली होती. लेकरू गेलं होतं. मुलगा होता.

तारेवर नुसती खरखर राहिली. मग कुणीतरी म्हणालं, "तीन मिनिटं झाली."

"झालं," हाजराबाई म्हणाली. "काढा."

श्रावण खांबावरून उतरला तो कसा, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. खाली मंगरूनं विचारलं, "लागला का रे फोन?" तो हो म्हणाला, सायकल घेतली आणि भाजलेल्या हातांनी नऊ किलोमीटर दामटली. वाटेत दोनदा त्याच्या मनात आलं, कोण विचारतंय? आग लागली, सगळ्यांनी पाहिली. आग काय, नदी काय, कुणाच्या हातात असते? खात्याच्या नकाशात तर दोन रेघा लांब लांबच होत्या.

पोस्टात हाजराबाई उभीच होती. पिशवी भरलेली, डोक्यावरून पदर. नागपूरकडं जाणारी मोटर साडेबाराची. बोर्ड श्रावणच्याच हाती द्यावा लागणार होता, म्हणून त्याचीच वाट बघत होती. त्याचे हात पाहून ती म्हणाली, "अल्ला, किती भाजले हो तुमी. माह्या पोरीसाठी किती केलं." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला तिथं फुटलं.

शिवी दिली असती तर त्यानं कदाचित पचवली असती. हे त्याला पचेना.

"हाजराबाई," तो म्हणाला, "दोन लायनी नव्हत्या."

तिला कळलं नाही. त्यानं सांगितलं. अकरा खांब सांगितले, वरचा दगड सांगितला, मंगरूच्या खुणा सांगितल्या, चाळिसावा खांब आणि पेढा सांगितला, न झाडलेला पाला सांगितला. ती ऐकत गेली तसं तिच्या चेहऱ्यावरचं रडू सुकत गेलं. पोस्टमास्तर शिक्का हातात धरून दारात थबकले होते.

"नवाबच्या वेळेस नदी होती, श्रावणभाऊ," ती शेवटी म्हणाली. "नदीले मी काई म्हटलं नाई. नदीले काय म्हणाचं? आता मी कोणाले काई म्हणू नाई का?"

ती बोर्डासमोर बसली. दोर उचलून खाच्यात घातला, दांडी फिरवली, गडचिरोलीला आवाज दिला आणि बोरकुटेसाहेबांचा नंबर मागितला. तिचा आवाज रोजचाच होता. पलीकडून साहेब बोलले तशी ती उठली आणि तिनं फोन श्रावणपुढं धरला.

"हे सांगा त्याईले. मले सांगतलं तसंच सांगा. बाकी कुठी कुठी असं हाये, ते त्याईले पाहू द्या."

"हाजराबाई, तुमची मोटर..."

"मी आयकून जाते."

श्रावणनं फोन कानाला लावला. एकोणीस वर्षांत या खोलीतून तो कधी बोलला नव्हता, तो नेहमी तारेच्या दुसऱ्या टोकाला असायचा. "साहेब," तो म्हणाला, "जांभळीटोल्याले दुसरी लायन नाई. कधीच नव्हती. मी दोन्ही एकाच खांबावरून नेल्या."

साहेबांनी विचारलं, "किती खांब?"

"अकरा," श्रावण म्हणाला.

हाजराबाईनं तो आकडा ऐकला, पिशवी उचलली आणि मोटर गाठायला निघाली.